ढोबळी मिरची : कोणत्या रंगात काय आहे

मंडईत हिरवी ढोबळी मिरची ढिगाने असते. लाल आणि पिवळी मात्र बहुधा वेगळी, पुसून, कागदात किंवा जाळीत ठेवलेली आणि अनेकदा हिरवीच्या दुप्पट-तिप्पट भावाची. हे जास्तीचे पैसे मोजल्यावर घरच्यांच्या पोटात जास्तीचं नेमकं काय जातं? आहारावरच्या लेखांतून आणि भाषणांतून 'ताटात जितके रंग, तितकं पोषण' असं सरसकट सांगितलं जातं. ढोबळी मिरचीच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे. माझं मत आधीच नोंदवून ठेवलेलं बरं. हिरवीला आपण फार कमी लेखतो. पिवळीच्या रंगावर जेवढा विश्वास टाकतो तेवढी तिची लायकी एका बाबतीत नाही. आणि लालमध्ये खरोखरच मोठा गुण आहे, पण ज्या पद्धतीने ती खाल्ली जाते त्यात तो बराचसा वाया जातो.

मुळात हे तीन भाज्यांचे प्रकार नव्हेत. हिरवी म्हणजे कच्चं फळ. लाल, पिवळी, नारिंगी ही पिकलेली फळं. टोमॅटो हिरव्याचा लाल होतो तशीच ढोबळी मिरची झाडावर पिकते आणि तिच्या वाणानुसार तिचा अखेरचा रंग ठरतो. तिखट ज्वाला, रंगाची बेडगी आणि ही बिनतिखट ढोबळी या सगळ्या एकाच वनस्पती-जातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअमच्या. मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या भागात ती हजारो वर्षांपूर्वी माणसाने लागवडीखाली आणली. कोलंबसाच्या सफरींनंतर ती अमेरिका खंडाबाहेर पडली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याला लागली. ढोबळी मिरचीत फरक एवढाच, की तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन तयार करणारं जनुक तिच्यात निकामी आहे. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखटपणा मोजण्याची जी पट्टी सुचवली, तिच्यावर ढोबळी मिरची शून्यावर येते.

हे शून्य पोषणाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत तिखट हिरव्या मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये १११ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दाखवलेलं आहे. आकडा भरघोस, पण १०० ग्रॅम तिखट मिरच्या खाणार कोण? आपल्या पोटात एका वेळी दोन-चार ग्रॅमच जातात. ढोबळी मिरची मात्र वाटीभर खाता येते. तिखटपणा गेला म्हणून मिरचीतलं पोषण ताटात येऊ शकलं.

आता रंग. कच्च्या फळाचा हिरवा रंग पानांसारखाच हरितद्रव्याचा. फळ पिकू लागलं की पेशींमधल्या हरितकणांचं रूपांतर रंगकणांत होतं, हरितद्रव्य मोडतं आणि कॅरोटिनॉइड गटातली द्रव्यं साठत जातात. लाल मिरचीत शेवटच्या पायरीवर एक खास विकर काम करतं आणि पिवळ्या द्रव्यांपासून कॅप्सँथिन व कॅप्सोरुबिन ही गर्द लाल द्रव्यं बनवतं. ज्या वाणांत या विकराचं जनुक गळालं किंवा बिघडलं आहे, त्यांत शेवटची पायरी होतच नाही आणि फळ पिवळं राहतं. नारिंगी रंग याहून गुंतागुंतीचा आहे. काही वाणांत तो कॅरोटिनॉइडचं एकूण उत्पादन कमी पडल्यामुळे येतो, तर काहींत झिॲक्झँथिन नावाचं द्रव्य भरपूर साठल्यामुळे. म्हणजे एकाच छटेच्या दोन नारिंगी मिरच्यांत आतला माल निराळा असू शकतो. परदेशी बाजारात दिसणारी चॉकलेटी मिरची ही लाल द्रव्य तयार झालेलं पण हरितद्रव्य न मोडलेलं फळ आहे. जांभळीत वांग्याच्या सालीतलंच अँथोसायनिन असतं. ते फक्त सालीपुरतं असतं, शिजवलं की विरघळून जातं आणि भाजी हिरवीच दिसते. त्या रंगासाठी पैसे मोजायचेच तर ती कच्ची खावी.

लाल मिरचीचं ते कॅप्सँथिन आपल्या स्वयंपाकघराला नवं नाही. तिखट बेताचं पण रश्श्याला रंग देणारी म्हणून आपण बेडगी मिरची घेतो, ती याच द्रव्यासाठी. कर्नाटकातल्या ब्याडगीच्या मिरचीपासून काढलेला लाल अर्क खाद्यपदार्थांच्या रंगासाठी देशाबाहेरही जातो. पेच या हंगेरीतल्या शहरात लास्लो झेखमाइस्टर आणि लास्लो चोल्नोकी या रसायनशास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाप्रिकातल्या, म्हणजे तिथल्या मिरचीतल्या, या रंगद्रव्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. आणि त्याच देशात काही वर्षांतच मिरचीने वैद्यकशास्त्रातला एक अडलेला प्रश्न सोडवला.

ती हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण मिरचीच्या पोषणमूल्याची सगळी आधुनिक चर्चा तिथून सुरू होते. आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी हा हंगेरियन शास्त्रज्ञ १९२० च्या दशकात केंब्रिजला काम करत होता. प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींमधून, तसंच संत्री आणि कोबीतून त्याने एक आम्लधर्मी, साखरेसारखं द्रव्य वेगळं केलं. ते काय आहे हे त्याला कळत नव्हतं. त्याने त्याला हेक्झुरॉनिक आम्ल असं नाव देऊन १९२८ मध्ये शोध प्रसिद्ध केला. पुढे अमेरिकेत जाऊन कत्तलखान्यांतून मिळणाऱ्या ग्रंथींपासून त्याने ते द्रव्य काढलं, पण वर्षभराच्या खटपटीनंतर हाती आलं ते काही ग्रॅम. त्यातला बराचसा भाग त्याने बर्मिंगहॅमच्या नॉर्मन हॅवर्थकडे रचना शोधण्यासाठी पाठवला आणि तोही अपुरा पडला. तो हंगेरीत परतून सेगेड विद्यापीठात आल्यावर १९३१ च्या अखेरीस अमेरिकेहून आलेला जोसेफ स्विर्बेली त्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. स्विर्बेलीला गिनिपिगवर स्कर्व्हीचे प्रयोग करता येत होते. माणसाप्रमाणेच गिनिपिगलाही स्वतःच्या शरीरात व्हिटॅमिन सी बनवता येत नाही, म्हणून हा प्राणी. उकळून व्हिटॅमिन नष्ट केलेल्या आहारावर ठेवलेले गिनिपिग मेले. ज्यांना हेक्झुरॉनिक आम्ल मिळालं ते धडधाकट राहिले. जहाजावरच्या खलाशांचे जीव घेणाऱ्या स्कर्व्हीवरचं ते द्रव्य हेच, हे ठरलं. १९३२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. अमेरिकेत चार्ल्स ग्लेन किंग यांनीही त्याच सुमाराला तोच निष्कर्ष मांडला आणि श्रेयाचा वाद बरीच वर्षं चालला.

पण द्रव्यच संपलं होतं. रचना ठरवायची तर भरपूर माल हवा. संत्र्या-लिंबांच्या रसात इतर शर्करा इतक्या, की त्यांतून हे वेगळं करणं जिकिरीचं. सेगेड हे हंगेरीतल्या पाप्रिकाचं मोठं केंद्र. सेंट-ज्यॉर्जीने पुढे स्वतः सांगितलेली हकीकत अशी, की एका रात्री जेवताना बायकोने ताजी लाल मिरची वाढली. त्याला ती खायची नव्हती. ही वनस्पती आपण तपासलेलीच नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि ताटातली मिरची घेऊन तो प्रयोगशाळेत गेला. मध्यरात्रीपर्यंत कळलं, की मिरचीत व्हिटॅमिन सीचा खजिना आहे. काही आठवड्यांत त्याच्याकडे किलोच्या वर शुद्ध द्रव्य जमलं. ते त्याने जगभरच्या प्रयोगशाळांना वाटलं, हॅवर्थने रचना पूर्ण केली आणि दोघांनी मिळून त्याला ॲस्कॉर्बिक आम्ल हे नाव दिलं. १९३७ चं शरीरविज्ञान-वैद्यकाचं नोबेल सेंट-ज्यॉर्जीला मिळालं आणि त्याच वर्षीच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये हॅवर्थचा वाटा होता. मोठ्या शोधाच्या वाटेत अशी भाजीची टोपली येते, हे मला नेहमी हुरूप देणारं वाटतं.

व्हिटॅमिन सीच्या आकड्यांकडे वळू. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बरीच वर्षं वापरात असलेल्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम, लालमध्ये सुमारे १२८ आणि पिवळीत सुमारे १८४ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आहे. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात ढोबळी मिरचीचा आकडा १३७ आहे. तक्त्यागणिक आकडे असे हलतात. वाण, पिकण्याची अवस्था, ऊन, तोडल्यानंतर गेलेले दिवस या सगळ्यांचा त्यात वाटा असतो, म्हणून दशांशावर भांडण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये हैदराबादच्या संस्थेने नवे तक्ते काढले तेव्हा हिरवी, लाल आणि पिवळी वेगवेगळी तपासली, हे फार बरं झालं.

आता हे आकडे गरजेशेजारी ठेवून पाहा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी पुरेसं आहे. म्हणजे सगळ्यांत 'गरीब' हिरवी मिरचीसुद्धा १०० ग्रॅम ताजी खाल्ली तर दिवसाची गरज भागवते. त्यावरचं जास्तीचं व्हिटॅमिन सी शरीर साठवून ठेवत नाही, बरंचसं लघवीवाटे जातं. तेव्हा केवळ व्हिटॅमिन सीसाठी पिवळीला तिप्पट भाव देण्याचं कारण मला दिसत नाही. शिवाय पेरू आहेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच जुन्या तक्त्यात पेरूचा आकडा २१२ आहे आणि आवळ्याचा ६००.

व्हिटॅमिन एचं चित्र याच्या अगदी उलट आहे आणि रंगांचा खरा फरक इथेच पडतो. कॅरोटिनॉइडपैकी काहींपासूनच आपलं शरीर व्हिटॅमिन ए बनवू शकतं. मुख्यतः बीटा-कॅरोटीन आणि बीटा-क्रिप्टोझँथिन. अमेरिकी तक्त्यानुसार १०० ग्रॅम लाल मिरचीतून व्हिटॅमिन एच्या हिशेबात सुमारे १५७ मायक्रोग्रॅम मिळतात, हिरवीतून १८ आणि पिवळीतून फक्त १०. प्रौढ स्त्रीची शिफारस आहे ८४० मायक्रोग्रॅमची. म्हणजे लाल मिरची तिच्या गरजेचा पाचव्या हिश्शाच्या जवळपास भाग देते. हिरवी जेमतेम दोन टक्के आणि पिवळी त्याहून कमी. 'पिवळं-नारिंगी दिसलं की कॅरोटीन' ही आपली पपई-गाजरावरून झालेली समजूत इथे फसते. पिवळ्या मिरचीचा रंग ल्युटीन, व्हायोलाझँथिन अशा द्रव्यांचा असतो आणि त्यांतून व्हिटॅमिन ए होत नाही. बाळाच्या डोळ्यांसाठी म्हणून कोणी पिवळी ढोबळी मिरची उकडून भरवत असेल, तर त्याऐवजी पपई, गाजर किंवा लाल भोपळा द्यावा, असं मी स्पष्ट म्हणेन.

लालची ही कामगिरीसुद्धा पालेभाजीच्या तुलनेत मर्यादित आहे. त्याच तक्त्यात कच्च्या पालकाचं बीटा-कॅरोटीन लाल मिरचीच्या तिपटीहून जास्त आहे. मात्र एक गोष्ट लालच्या बाजूने जाते. पालेभाजीत कॅरोटीन हरितकणांतल्या प्रथिनांत अडकलेलं असतं. पिकलेल्या फळांत ते रंगकणांत, तेलकट थेंबांत असतं आणि तिथून ते सहज सुटतं. त्यामुळे पोटात गेलेल्या कॅरोटीनपैकी अंगी लागणारा वाटा फळांच्या बाबतीत जास्त असतो. अट एकच, सोबत थोडं तेल-तूप हवं. हॉटेलातल्या सॅलडमध्ये लाल मिरचीच्या कोरड्या काड्या घालतात, त्यांत व्हिटॅमिन सी शाबूत राहतं पण कॅरोटीनचा मोठा भाग तसाच बाहेर पडतो. चमचाभर शेंगदाण्याचं कूट किंवा तेलाची फोडणी पडली की हिशेब बदलतो.

डोळ्यांची गोष्ट निघालीच आहे तर ल्युटीन आणि झिॲक्झँथिन यांच्याबद्दल. ही दोन द्रव्यं डोळ्याच्या पडद्यावर, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते त्या पीतबिंदूत, साठतात. यात हिरवी मिरची लालच्या पुढे आहे. अमेरिकी तक्त्यात हिरवीत या दोहोंची बेरीज ३४१ मायक्रोग्रॅम, तर लालमध्ये ५१. १९९८ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तपासलेल्या फळा-भाज्यांमध्ये झिॲक्झँथिनचं सर्वाधिक प्रमाण नारिंगी ढोबळी मिरचीत सापडलं. ते खरं असलं तरी वर म्हटल्याप्रमाणे सगळ्या नारिंगी मिरच्या सारख्या नसतात, म्हणून त्यावरून 'नारिंगी खा, मोतिबिंदू टाळा' अशी घोषणा करणं चुकीचं. २०१३ मध्ये निष्कर्ष आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या नेत्रचाचणीत दिवसाला १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिॲक्झँथिन गोळीतून दिलं होतं. वाटीभर ढोबळी मिरचीत मिळणारं ल्युटीन त्याच्या जवळपासही पोचत नाही.

गोळीचा विषय आला म्हणून एक इशारा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तेव्हा १९९४ मध्ये निष्कर्ष आला की गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी वाढला. दोनच वर्षांत अमेरिकेतल्या चाचणीनेही तेच दाखवलं. भाजीतून मिळणाऱ्या कॅरोटीनबद्दल अशी भीती नाही. पण भाजीतलं एक द्रव्य निवडून त्याची गोळी केली की भाजीचा गुण गोळीत उतरतोच, हा भ्रम त्या दोन चाचण्यांनी कायमचा दूर करायला हवा होता. तो अजून झालेला नाही, हे औषधांच्या दुकानातल्या फळ्या पाहिल्या की कळतं.

बाकीचं थोडक्यात. ढोबळी मिरचीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. १०० ग्रॅममागे ऊर्जा २० ते ३० किलोकॅलरी, तंतू दोन ग्रॅमच्या आसपास. हिरवीत साखर सुमारे २.४ ग्रॅम, लालमध्ये ४.२, म्हणून लाल गोड लागते. फोलेट लालमध्ये जास्त, व्हिटॅमिन के हिरवीत. हिरवीचा तो उग्र, गवताळ वास एका पायराझीन द्रव्याचा आहे. १९६९ मध्ये ते ओळखलं गेलं आणि पाण्यात ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात असलं तरी नाकाला जाणवतं की अब्जावा भागही फार झाला. फळ पिकतं तसं ते घटतं. हिरवी ढोबळी मिरची ताटातून बाजूला काढणारं मूल लाल मात्र आवडीने खातं, त्याचं कारण हट्ट नसून हे द्रव्य आणि ती साखर आहे. अशा मुलाला लालची सवय लावणं हे जास्तीच्या पैशाचं सगळ्यात चांगलं कारण मला वाटतं.

स्वयंपाकाकडे येऊ. व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने मोडतं, म्हणून मिरची पाण्यात उकळून पाणी टाकलं तर नुकसान सर्वांत जास्त. कमी वेळ, कमी पाणी, मोठी आच हे सूत्र. या निकषावर आपली पीठ पेरलेली ढोबळी मिरची पाहिली तर तिच्या गुणांचं कौतुक करावंसं वाटतं. तेलाची फोडणी आहे, त्यामुळे कॅरोटीन अंगी लागतं. पाण्याचा हबका तेवढा मारतात, ओतून टाकायचं पाणी उरत नाही. आणि बेसनात लोह आहे. डाळींमधलं लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. त्याच घासात व्हिटॅमिन सी असेल तर ते शोषण चांगलं वाढतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा देशात डाळीच्या पिठासोबत मिरची ही जोडी किरकोळ नाही. फक्त भाजी जरा करकरीत ठेवावी. पावभाजीत ती तासभर रटरटते आणि शेवटी तिच्यातलं कॅरोटीनच तेवढं शिल्लक राहतं. हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालण्याची युक्ती मात्र सोडून द्यावी. सोड्याने रंग राहतो आणि व्हिटॅमिन सी जातं. झाकण न ठेवता परतलं तरी रंग बऱ्यापैकी राहतो, कारण भाजीतली आम्लं वाफेबरोबर निघून जातात.

एक खुळचट समजूत मोबाइलवरून अजून फिरते, की तळाला तीन उंचवटे असलेली मिरची नर आणि चार असलेली मादी, एक शिजवायला आणि दुसरी कच्ची खायला. फळाला नर-मादी नसतं. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि बीजांडकोश दोन्ही असतात आणि उंचवट्यांची संख्या वाण आणि वाढीच्या परिस्थितीवर ठरते.

भावाचा प्रश्न उरतो आणि तो शेतात सुटतो. पुणे, नाशिक, सातारा, सांगली भागांत हिरवी ढोबळी मिरची उघड्यावर आणि शेडनेटमध्ये होते, रंगीत बहुधा पॉलिहाउसमध्ये. हिरवीसाठी इंद्रा, लालसाठी बॉम्बे, पिवळीसाठी ओरोबेल ही वाणांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. हिरवं फळ तोडण्याजोगं झाल्यावर त्याला पूर्ण रंग चढायला आणखी तीन-चार आठवडे झाडावर ठेवावं लागतं. तेवढे दिवस फुलकिडे, कोळी, भुरी आणि उन्हाचा चट्टा यांची जोखीम शेतकऱ्याच्या माथी. शिवाय झाडावर पिकतं फळ असलं की नवी फळधारणा मंदावते, तोडे कमी होतात. पॉलिहाउसला अनुदान मिळालं तरी बाकीचं भांडवल आणि कर्ज राहतंच. म्हणून रंगीतचा भाव चढा असण्यात शेतकऱ्याने केलेली लूट नाही.

ढिगातल्या हिरव्या मिरच्यांत अधूनमधून एखादी लालसर पट्टा पडलेली असते. गिऱ्हाईक तिला खराब समजून बाजूला सारतं आणि भाजीवाली ती उरलेल्यांत टाकते. ढोबळी मिरची पूर्ण हिरवी तोडली तर नंतर नीट पिकत नाही, पण एकदा रंग फिरायला लागलेलं फळ घरी टोपलीत ठेवलं तर पुढे रंगत जातं. पट्टा कडक असेल, मऊ किंवा पाणथळ नसेल, तर ती नासकी नाही. तिच्यात कॅरोटीन साठायला सुरुवात झालेली आहे आणि ती हिरवीच्याच भावात मिळते. मी तर ती निवडून घ्यायला सांगेन.